कुट्याचा रकाना

एकदा एका खाडीकाठच्या लहानशा संस्थानात एका तरुण लेखनिकावर मोठे काम सोपवले गेले. खाडीत कोणकोणती मासळी आहे, तिला काय म्हणतात आणि ती कोणत्या कामाची, याची एक वही त्याने करायची होती. वही दरबारात मान्य झाली की त्याची जागा कायम होणार होती. दिवाणांची अट एकच होती: बंदरावरच्या वृद्ध तांडेलापाशी शिकावे आणि वहीवर त्याची संमती आणावी. या म्हाताऱ्याने साठ वर्षे नाव हाकली होती; आता तो किनाऱ्यावर बसून जाळी विणत असे.

तरुण मनापासून कामाला लागला. नवी सून सासरच्या फडताळातले डबे उघडून पाहते आणि आपल्या सोयीने मांडते, तशी त्याने खाडी मांडायला घेतली. सकाळी होड्या लागल्या, की तो कोळणींच्या टोपल्यांजवळ उभा राही. जी मासळी आधी उचलली जाई ती 'उत्तम', मागाहून जाई ती 'मध्यम'. सगळी निवड झाल्यावर वाळूत एक ढीग उरे. बोटभर, नखभर, काटेरी, काही तर काचेसारखी आरपार दिसणारी मासळी. त्या सगळ्या मासळीला कोळणी एकच शब्द वापरत: कुटा.

"कुटा म्हणजे नेमकी कोणती?" त्याने धाकलीबाय नावाच्या कोळणीला विचारले.

"जी कोणी घेत नाय ती," ती म्हणाली. "तुम्ही घेता, मास्तर? टोपली भरून देते. मास्तरीणबाई उंबऱ्यावरूनच परत धाडतील, तुमच्यासकट!"

बायका खदखदल्या. तरुणही हसला, पण नोंदीत त्याने हयगय केली नाही. त्या ढिगातून त्याने त्रेसष्ट प्रकार वेगळे काढले, प्रत्येकाचे चित्र काढले आणि तिसऱ्या रकान्याच्या माथ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले: 'निरुपयोगी'.

त्या एका शब्दाची गावातला एक व्यापारी वाट पाहत होता. त्याच्या माडांना मासळीचे खत हवे होते. खाडीच्या मुखाशी बारीक विणीचे जाळे बारा महिने लावू द्यावे, असा अर्ज त्याने दरबारात दिला होता. 'दरबारच्या वहीत जे निरुपयोगी ठरेल, तेवढेच मी नेईन,' असे त्यात नम्रपणे म्हटले होते.

वही घेऊन तरुण तांडेलाकडे गेला. म्हाताऱ्याने सगळी पाने उलटली, चित्रे निरखली. तिसऱ्या रकान्याचे नाव त्याने तरुणाकडून वाचून घेतले. मग म्हणाला, "चित्रं झकास आहेत. आता एक कर. धाकलीनं आज मोठा घोळ आणलाय. तिच्याकडून त्याच्या पोटातलं अन्न मागून आण. मांस नको, भोत नको. त्यानं खाल्लेलं तेवढं आण."

भोत म्हणजे घोळ माशाच्या पोटातली हवेची पिशवी. व्यापारी ती माशाहूनही महाग घेतात. ती नको आणि उष्टे हवे, हे काय म्हणून? तरुण बुचकळ्यात पडला, पण गेला.

"भोतीचं नाव काढायचं नाय, आधीच सांगते," धाकलीबाय सुरी सावरत म्हणाली. मागणी ऐकल्यावर मात्र तिने कपाळाला हात लावला. "अगो, ऐकलंत का? मास्तर घोळाच्या ताटातलं उष्टं मागतायत!"

बायकांच्या हशातून तो एक ओली पुरचुंडी घेऊन परतला. म्हाताऱ्याने ती दगडावर सोडली आणि वर तांब्याभर पाणी ओतले. "बघ, कोणी ओळखीचं भेटतंय का."

तरुण आधी नाक दाबून बसला, मग वाकून, आणि मग नाक दाबायचे विसरून. अर्धवट विरघळलेली डोकी, शेपट्या, काटे. एका काट्याला शेवटी बाक होता. तो बाक त्याने स्वतः दोनदा खोडून पुन्हा काढला होता, चित्र बरोबर यावे म्हणून! त्याने वही ओढली. एक जुळले, दुसरे जुळले. शेवटी नऊ प्रकार ओळखू आले. नऊच्या नऊ तिसऱ्या रकान्यातले.

"आणि हा घोळ तू कुठे लिहिलायस?" म्हाताऱ्याने विचारले.

"पहिल्या रकान्यात. सर्वांत वर."

म्हाताऱ्याने जाळे बाजूला ठेवले. "तू खोटं काही लिहिलं नाहीस, पोरा. टोपलीपाशी उभं राहून दिसतं ते लिहिलंस. पण तिथे रस्त्यानं येणारं गिऱ्हाईक दिसतं. पाण्यातून येणारं गिऱ्हाईक आपला वाटा आधीच घेऊन गेलेलं असतं. घोळ या खाडीत कशाला येतो? तुझा-माझा मान राखायला? त्याचं ताट इथे वाढलेलं असतं म्हणून. कुटा हा आमचा शब्द टोपलीपुरता आहे. टोपली उचलली की तो संपतो. तू तो वहीत घातलास, आणि वही दरबारात जाते."

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर दरबारात तू काय म्हणाला असतास? म्हाताऱ्यानं सांगितलं! आणि शेटजी म्हणाले असते, म्हातारा आपल्या पोराबाळांच्या पोटासाठी बोलतोय. आता तू तुझ्या डोळ्यांनी बोलशील."

तरुणाने तिसऱ्या रकान्यावरून बोट फिरवले. "नऊ तर कळले. उरलेल्या चोपन्नांचं काय?"

"ते मलाही ठाऊक नाही," म्हातारा म्हणाला आणि त्याने पुन्हा जाळे मांडीवर घेतले.

ठरल्या दिवशी दिवाणांनी तांडेलाची संमती असलेली वही उघडली. तिसऱ्या रकान्याचे नाव बदलले होते. आता तिथे 'कोणाला लागते' असे होते. नऊ नावांपुढे 'घोळास' असे लिहिले होते. बाकी चोपन्न नावांपुढे सुवाच्य अक्षरात चोपन्न वेळा: 'अद्याप ठाऊक नाही'.

व्यापारी अस्वस्थ झाला. "मग निरुपयोगी मासळी कोणती?"

"मला अजून एकही सापडली नाही, शेटजी," तरुण म्हणाला.

"वही अपुरी आहे," दिवाण म्हणाले. "अपुऱ्या वहीवर जागा कायम होत नाही, हे जाणतोस ना?"

"होय, दिवाणसाहेब."

"पुरी कधी होईल?"

चार दिवसांपूर्वी तो 'उद्या' म्हणाला असता. आता त्याने खरे ते सांगितले. "मला सांगता येणार नाही."

दिवाणांनी व्यापाऱ्याचा अर्ज उचलून त्याच पानात घातला आणि वही मिटून तरुणाच्या हाती परत दिली.

"पुरी झाली, की दोन्ही एकदमच आण," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी होड्या लागल्या, तेव्हा तो टोपल्यांकडे गेला नाही. वाळूतल्या ढिगाशेजारी त्याने बैठक मारली, एक नखभर मासा तळहातावर घेतला आणि तो कोणाचा घास असेल, याचा विचार करत बसून राहिला.