भिंतीपलीकडच्या गोगलगाई

"मग अनुग्रह कधी देताय, माई?"

संयुक्ताने प्रश्न टाकला आणि ओसरीच्या पायरीवर बसली. हक्काने बसली. पावसाळा सरत आला होता, आणि आता तिला टोलवाटोलवी चालणार नव्हती.

माई दोडक्याच्या शिरा काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"किती मेले?"

"एकही नाही."

"बाग?"

"बघा ना तुम्हीच."

बघण्यासारखी होतीच. मांडवावर दोडका लगडला होता. अळूची पानं सुपाएवढी झाली होती. शिंपी पक्ष्याच्या जोडीने कर्दळीचं पान शिवून त्यात पिलं वाढवली होती, आणि पालकाच्या वाफ्यात शोधूनही भोक पडलेलं पान सापडलं नसतं.

माईंनी बागेकडे पाहिलं. मग पुन्हा दोडक्याकडे.

संयुक्ता वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली. लातूरला कॉलेजात शिकवायची चालून आलेली नोकरी नाकारून ती या तालुक्याच्या गावी माईंकडे येऊन राहिली होती. घरच्यांनी वेड्यात काढलं. तिला पर्वा नव्हती. तिला माईंचा अनुग्रह हवा होता, आणि तो मिळवूनच ती घरी तोंड दाखवणार होती.

माईंचा मठ नव्हता की गादी नव्हती. दोन खोल्या, ओसरी आणि मागे परस. लोक अडचणी घेऊन यायचे, माई बहुतेक वेळ गप्प बसायच्या, आणि तरी लोक हलके होऊन परत जायचे. संयुक्ताला हे आधी गूढ वाटलं. मग वेळकाढूपणा वाटायला लागला.

आल्या दिवशी माईंनी एकच अट घातली होती. पावसाळाभर परस तू सांभाळ. बाग जगली पाहिजे, आणि तुझ्यापायी एकही जीव मरता कामा नये. मग माग.

संयुक्ताने लगेच विचारलं होतं की तण हा जीव धरायचा की नाही. माई तेव्हा पालक चिरत होत्या. "तूच ठरव," म्हणाल्या. उत्तर येत नसलं की म्हातारी माणसं 'तूच ठरव' म्हणतात, असं संयुक्ताचं तेव्हापासून पक्कं मत झालं.

तिने ठरवलं. ज्याला पाय आहेत, पंख आहेत, जे सरपटतं, ते जपायचं. बाकी उपटायचं.

आणि ती कामाला लागली. हराळी आणि आघाडा उपटताना मुळाशी गांडूळ आलं, तर ते परत मातीत सोडायची. लिंबाच्या रोपावरच्या अळ्या पानासकट उचलून तिने कुंपणाबाहेरच्या बेलावर नेऊन ठेवल्या. मुंग्यांची रांग हळद टाकून वळवली. सरड्याला तर ती वाट सोडून बाजूला व्हायची. आपलं आपल्यालाच कौतुक वाटावं, असं सगळं चाललं होतं.

मग पावसाची झड लागली आणि शंखी गोगलगाई निघाल्या.

मुठीएवढ्या एकेक. रातोरात पालकाचा वाफा बोडका. भोपळ्याची रोपं देठापर्यंत फस्त. गावात ज्याच्या त्याच्या परसात तेच, आणि जो तो त्यांना जमेल तसा मारत होता.

संयुक्ता मारणार नव्हती. ती संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट वाफ्याच्या कडेला अंथरायची. सकाळी गोणपाट उचललं की खाली सगळ्या गोळा झालेल्या असत. त्या बादलीत भरायच्या, मागच्या भिंतीपाशी जायचं आणि हात उंच करून बादली पलीकडे उपडी करायची. मऊ मातीवर पडल्यासारखा धप्प आवाज यायचा. म्हणजे त्यांना लागतही नसणार. बाग वाचली, जीव वाचले. इतकं सोपं होतं, आणि ते या गावात आजवर कुणाला सुचलं नव्हतं.

"गोगलगाई कुठे गेल्या?" माईंनी विचारलं.

"भिंतीपलीकडे."

"पलीकडे काय आहे?"

"पडीक जागा असेल."

"पाहिलीस?"

"भिंत उंच आहे, माई."

...

माईंनी शिरांचा ढीग एका बाजूला सारला. ओसरीच्या कोपऱ्यात आज सकाळची बादली तशीच होती. एक गोगलगाय काठावर चढून शिंगं हलवत चाचपत होती.

"आजची फेकू नकोस," माई म्हणाल्या. "नेऊन दे."

"कुणाला?"

माईंनी पुढचा दोडका हातात घेतला.

हे आणखी एक. सरळ सांगायचं नाही, माणसाला पळवायचं. संयुक्ताने बादली उचलली आणि चपला घालून तरातरा निघाली. बोळातून वळसा घालून मागच्या गल्लीत जायला फारसा वेळ लागला नाही. इतके दिवस ती इकडे फिरकलीच नव्हती.

पडीक जागा नव्हती. पत्र्याचं फाटक होतं, आत एक लहानसं घर, आणि घर आणि माईंची भिंत यांच्यामध्ये नीट आखलेले वाफे. एका वाफ्याच्या कडेला पाटावर एक म्हातारा बसला होता. शेजारी खड्या मिठाची पिशवी. समोर रिकाम्या शंखांचा ढीग, हाडांसारखा पांढरा.

तिला पाहून म्हातारा लगबगीने उठला. नागोराव त्यांचं नाव. एसटीत कंडक्टर होते, आता घरीच असतात. हे सगळं त्यांनी तिने न विचारता सांगितलं. तिला ते ओळखत होते.

"माईकडच्या ताई ना तुमी? या की. आज हातानं आणलाव व्हय? मी म्हणलं आज कशी नाही पडली बादली."

संयुक्ता बादली धरून उभीच राहिली.

नागोरावच बोलत राहिले. यंदापासून गोगलगाई यायला लागल्या, तेव्हा आधी त्यांना उमजलं नव्हतं. मग लक्षात आलं. माईंचं वय झालं. त्यांना व्रत असणार, हात लावता येत नसणार. म्हणून इकडे पाठवतात. मग ते रोज सकाळी पिशवी घेऊन बसायला लागले. एवढं मीठ लागतं की बायको चिडते. आमच्याकडे भाजीत मीठ नसतं, भाजीखाली असतं, असं ती आल्यागेल्याला सांगते.

ते हसले. संयुक्ताला हसू आलं नाही. ती वाफ्याकडे पाहत होती.

भिंतीलगतचा वाफा मेथीचा असावा. कडेला दोन-चार वाळकी रोपं होती त्यावरून कळत होतं. बाकी सगळी माती पांढरी पडली होती, वरून पापुद्रा धरलेली. तिला ठाऊक होतं ते काय आहे. मीठ मातीत उतरलं की मूळ धरत नाही. किती पावसांनी ते धुऊन जाईल, कोण जाणे.

"काका, इथे आता काही उगवणार नाही," ती म्हणाली.

"नसंल उगवत. मेथी बाजारात मिळतीय की."

"तुम्हाला हे करायला माईंनी सांगितलं?"

"तोंडानं कशाला सांगावं लागतंय? समजून घ्यावं माणसानं." त्यांनी हात पुसले. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या, मिठाने असाव्यात. "अन् पाप लागत असंल तर लागू द्या आमाला. आमाला कुठं मोक्षाला जायचंय? तुमचं चुकू नये, बास."

त्यांनी बादलीला हात घातला.

संयुक्ताने कडी सोडली नाही.

नागोरावांनी तिच्याकडे पाहिलं. मग बादलीकडे. मग चिडवल्यासारखं, पण प्रेमानेच म्हणाले, "आता का धरलाव? रोज तर टाकता की."

...

ती बादली घेऊन परत आली. येताना वळसा लांब वाटला.

माई ओसरीवर तशाच बसल्या होत्या. दोडका चिरून झाला होता. संयुक्ताने बादली त्यांच्यासमोर आदळली. एक गोगलगाय बाहेर पडून शंखात मिटली.

"तुम्हाला माहीत होतं."

"भिंतीपर्यंत माहीत होतं."

"पलीकडे नागोरावकाका राहतात, हेसुद्धा माहीत होतं."

"हो."

"आणि तुम्ही बोलला नाहीत. त्यांचा वाफा गेला, माई. त्यांची बोटं फाटलीत. आणि मी इथे पालक खात बसले."

माईंनी नजर चुकवली नाही.

"बोलायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "चुकलंच माझं."

संयुक्ता भांडणाच्या तयारीने आली होती. वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडून हा शब्द तिने आजवर ऐकला नव्हता. ती खाली बसली. पायरीवर नव्हे, अंगणात, ओल्या मातीत.

तिने हळू आवाजात विचारलं की मी यायच्या आधी तुम्ही काय करत होतात. गोगलगाई तर आधीही निघतच असणार.

माई उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. आतून खलबत्त्याचा बत्ता आणला. बादली घेऊन परसातल्या धुण्याच्या दगडापाशी गेल्या आणि उकिडव्या बसल्या. एक गोगलगाय काढली. दगडावर ठेवली. तिचं तोंड बाहेर येईपर्यंत थांबल्या.

मग बत्ता घातला.

एकच घाव. घाई नव्हती, राग नव्हता. तळहाताने त्यांनी ते सगळं गोळा केलं आणि पपईच्या आळ्यात पुरलं. माती सारखी केली. दुसरी काढली.

कर्दळीत शिंपी चिवचिवत होता. दोडक्याच्या फुलावर एक भुंगा येऊन बसला, उडाला.

संयुक्ता जवळ येऊन उभी राहिली होती.

"तुम्ही मारता?"

"हो."

"दरवर्षी?"

"निघतात तेव्हा."

"मीठ?"

"मीठ टाकलं की तडफडतात. आणि माती मरते."

...

"मग ती अट? एकही जीव मरता कामा नये?"

"माझ्या गुरूंची. मी आले तेव्हा मलाही हीच घातली होती."

"आणि तुम्ही मोडलीत."

"मोडली."

"त्यांना कळलं?"

"मीच सांगितलं."

"काय म्हणाले?"

माई तिसरी गोगलगाय हातात घेऊन होत्या. ती शंखात शिरून बसली होती, बाहेर यायला तयार नव्हती. माई थांबल्या. संयुक्ताही थांबली. यापूर्वी माई गप्प बसल्या की तिला उठून जावंसं वाटायचं. आज ती उभी राहिली.

"काही बोलले नाहीत," माई म्हणाल्या. "बाग मात्र माझ्याकडून काढून घेतली नाही."

गोगलगाईने एक शिंग बाहेर काढलं. मग दुसरं.

संयुक्ता दगडाच्या पलीकडे, माईंच्या समोर उकिडवी बसली. तिला एक प्रश्न विचारायचा होता. विचारावा की नाही, हे तिला पहिल्यांदाच कळत नव्हतं. शेवटी विचारलाच.

"अट मोडल्यावर त्यांनी तुम्हाला अनुग्रह दिला तरी कसा, माई?"

माईंनी बत्ता उलटा धरला आणि मुठीची बाजू तिच्यापुढे केली.

"दिला, असं कोण म्हणालं तुला?"