बागेतला एकुलता एक थवा

मुलांनो, राजाला नुसतं ‘हो’ म्हणायला दोन थवे कशाला लागतात, सांगाल?

फार पूर्वी इराणातल्या एका बागेत मोराचं राज्य होतं. पाटाचं सगळं पाणी त्याच्या कारंज्याला जाई आणि गुलनार बुलबुलीचं घरटं असलेलं डाळिंबाचं झाड वाळत चाललं होतं. पाणी थव्यामार्फतच मागायचं, असा नियम होता. मोराने दोनच थवे ठेवले होते. एक ‘हो’ म्हणे, दुसरा ‘हो हुजूर’. पुढे तोही गलका वाटून त्याने दोन्हींचा एकच केला. "न पटेल त्याला फाटक उघडं आहे," तो म्हणाला.

शेवटी पाखरांनी मोराला हाकललं आणि ससाण्याला गादीवर बसवलं. "हवे तेवढे थवे करा!" तो म्हणाला. गुलनारने लगेच डाळिंबावरच्या पाखरांचा थवा केला. आठवड्यातच मोराचा जुना कारभारी पोपट हजर झाला.

"गुलनारताई, थवा मोडा. यापुढे एकच, ससाणेसाहेबांचा. पाणी मागायचा नियम मात्र तोच."

"अरे, तू तर मोराचा ना?"

"मी कारभाराचा, ताई. गादीवर कोण, ते मी वर मान करून बघत नाही."

गुलनार निमूटपणे त्या थव्यात गेली आणि संध्याकाळच्या सभेत तिने पाणी मागितलं. तिच्यामागून आणखी सात जणांनी मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ससाण्याने स्वतःचा तो एकुलता एक थवाही मोडून टाकला.