आटलेल्या नदीतलं नावेचं भाडं

आमच्या वाचनालयाच्या भोसेकरबाई तीन आठवडे मागे लागल्या आहेत, पुरवणीसाठी एक बोधकथा लिहून द्या म्हणून. मी सातवी नापास. बोध करायला गावात शिकलेले कमी आहेत काय? पण ऐकत नाहीत, आणि मी दारात दिसलो की पेपर उचलून आत ठेवतात. तेव्हा लिहितो. पुन्हा सांगणार नाही.

एकदा एक वृद्ध गृहस्थ नदीकाठच्या गावात पतपेढी सांभाळत असत. लोक त्यांना अप्पा म्हणत. गाव असं निवांत की दुपारी सावल्यासुद्धा आडव्या होत. नदीचा पलीकडचा काठ धुरकट, आहे म्हटलं तर आहे.

भाद्रपदात नदी दुथडी वाहत असताना त्यांचा एक शिष्य शहरातून नावेने आला. सोबत एक शिकणारं यंत्र घेऊन आला. त्याचं काम काळा पैसा हुडकण्याचं. लाचेचा, जुगाराचा पैसा लोक एखाद्या धंद्याची कमाई म्हणून पेढीत भरतात, आणि मग तो धुतल्या तांदळासारखा होऊन बाहेर पडतो. शिष्याने यंत्राला दहा हजार लबाडांचे व्यवहार वाचायला दिले होते. ते वाचून यंत्र गावातलं प्रत्येक खातं तपाशी आणि संशय आला की तांबडा दिवा लावी. शिष्य त्या दिव्यापुढे बसून असे. थंडी सरली, शिमगा झाला, पण तो त्या खोलीतून काही उठला नाही. जेवणाचा डबाही तिथेच येई.

वैशाखात दिवा लागला तो हौसाबाईच्या खात्यावर. बारा जणींकडून थोडे थोडे पैसे येत होते, आणि साठले की एकदम निघत होते. यंत्र म्हणालं, लबाडी. शिष्याने खातं बंद केलं.

हौसाबाई पेढीत आली.

"साहेब, पोरीला नर्सिंगला जागा मिळालीय. शनिवारपातूर फी भरली न्हाई तर जागा दुसऱ्याला जाती. माझा पैसा काय चोरीचा हाय का?"

"चौकशी होईल, मावशी."

"कवा?"

"महिना लागतो."

"महिन्यानं पोरगी भांडी घासंल," ती म्हणाली आणि गेली.

अप्पांनी सगळं ऐकलं. एवढंच विचारलं, "आणि घाटाच्या ठेकेदाराचं खातं?"

"गावातलं सर्वांत स्वच्छ," शिष्य म्हणाला. "नावेचं भाडं रोज अकरा वाजता भरतात. एक दिवस चुकलेला नाही. यंत्राने कधी शंकाच घेतली नाही."

"बरं. उद्या आपल्याला पलीकडे जायचंय. नावेने."

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर दोघे घाटावर आले. नदी नव्हती. पाणी होतं तिथे लांबवर वाळू पसरली होती आणि वाळूत टरबुजांचे वाफे. मधोमध नाव कलंडलेली होती, तिच्या वल्ह्यावर एक वेल चढून फुलला होता. अप्पा शांतपणे नावेत चढले आणि फळीवर बसले.

"ये, बैस."

शिष्याला काही उमगेना, पण तोही बसला. वाळूवर मृगजळ हलू लागलं. ते नावेच्या कडेला येऊन टेकलं, आणि शिष्याला क्षणभर वाटलं की नाव सुटली, काठ मागे पडतो आहे, आपण कुठल्या तरी उजेडाच्या गावाला चाललो आहोत. त्याने फळी घट्ट धरली.

वाफ्यातून कोणी तरी उठलं. हौसाबाई. वाळूत टरबुजं लावायची ती.

"अप्पा, कुठं निघालाय?"

"पलीकडे."

"मग चालत जावा की. कोंबडीबी चालत जाती."

"नावाडी कुठाय?"

"वीटभट्टीवर. शिमग्यापासनं गेलाय."

शिष्याने मोबाईल काढून पेढीचा हिशेब उघडला. आजचा भरणा आला होता, अकराच्या ठोक्याला. तीनशे चाळीस माणसांचं भाडं. तो पडद्याकडे पाहत राहिला, मग वाळूकडे.

अप्पांनी विचारलं, "हौसा, तुला पैसे देणाऱ्या बारा जणी कोण?"

"भिशी हाय आमची. मला धरून तेरा. दर सोमवारी बाजार उठला की बारा जणी पैसं देत्यात, मी माझं घालती. म्हैना भरला की जिचा नंबर तिला काढून द्यायचं. ह्या खेपेला माझा नंबर." ती शिष्याकडे वळली. "वरीसभर थांबलीया मी नंबरासाठी."

ती पुन्हा वाफ्यात वाकली. मग अप्पा बोलले.

"लेका, तुझ्या यंत्राची नजर तीक्ष्ण आहे, त्यात खोट नाही. दहा हजार खाती मला सात जन्मांत वाचून होणार नाहीत. पण खरा धंदा नदीसारखा असतो. बाजार भरला की फुगतो, सुतक पडलं की थांबतो. ज्याच्या कमाईला ऋतूच नाही, तिथे पाणी कुठून येतं ते विचारावं. आणि बारा बायका एकीच्या हातात पैसा देतात, तो यंत्राला कट वाटला. का वाटणार नाही? तू त्याला लबाडांचंच वाचायला दिलंस. विश्वास कसा दिसतो, ते त्याला कोणी दाखवलंच नाही. आधी तू बघ, मग त्याला दाखव."

शिष्य पेढीत परतला. आधी हौसाबाईचं खातं मोकळं केलं. मग यंत्राला नदीचं पाणी शिकवलं, बाजाराचे वार, जत्रा, सुगी, भिशीचे नंबर शिकवले. आठवड्याभरात ठेकेदाराच्या नावावर दिवा लागला, आणि त्याच्यासारख्या आणखी चौघांच्या.

पण ते नंतरचं. खातं मोकळं झाल्याचा निरोप फोनवरही देता आला असता. शिष्य त्याच दुपारी, त्याच उन्हात, वाळू तुडवत परत गेला आणि वाफ्याच्या कडेला उभा राहिला.

"मावशी, चुकलं माझं. आधी विचारायला हवं होतं."

हौसाबाईने पदराने घाम पुसला. "इचारलं असतंस तर एका वाक्यात सांगितलं असतं," ती म्हणाली. "जा आता. उनाचा हुबा ऱ्हाऊ नगंस." आणि ती पेढीचं पुस्तक घ्यायला घराकडे निघाली. शुक्रवार होता.

यंत्राचा दिवा लागला तरी शेवटी दार माणसानेच ठोठावायचं असतं, आणि चुकलं तर त्याच दाराशी पुन्हा जायचं असतं. एवढ्या शिकलेल्या शिष्याला ते जमलं. माझं पेन्शनचं खातं दोन महिने बंद ठेवणारे आमच्या शाखेचे साहेब माझ्या घरापासून चौथ्या दारात राहतात, मध्ये वाळूही नाही. साहेबांचं नावही लिहितो, विश्वजित ढमढेरे.