अकरा कलमं आणि एक ओळ

"मग माझी अकरा कलमं तुम्ही वाचलीच नाहीत का, अण्णा?"

"वाचली."

"तरी भिंतीवर तिची एक ओळ?"

अण्णा कुरुंदवाडे चष्मा पुसू लागले.

विचारणारा ओजस मगदूम. वय चोवीस, इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलेलं, त्यानंतर तीन वर्षं अण्णांच्या हाताखाली. अण्णा बासष्टचे. जयसिंगपुरात स्टँडसमोर दुसऱ्या मजल्यावर बसून त्यांनी शाळांच्या आणि मंगल कार्यालयांच्या चाळीस वेबसाइट बनवल्या होत्या. साधुपुरुष वगैरे काही नव्हते ते. त्या पिढीतली माणसं कौतुक रेशनवर देतात, आणि स्वतःचा वाटा आधी काढून ठेवतात.

ओजसला तरी तेच कौतुक हवं होतं. दुसऱ्या कुणाचं नको होतं.

सोमवारपासून चाळीसही साइट नव्या पद्धतीवर न्यायच्या होत्या. कोड एकीकडे, पानाची मांडणी दुसरीकडे. अशा पद्धतीने नेमकं काय साधलं पाहिजे, ते अण्णांनी दोघांना लिहून मागितलं होतं.

ओजसने अकरा कलमं लिहिली. वेग, सुरक्षितता, एका साच्यातून शंभर पानं, असं बरंच. शिवाय सहा महिने खपून बांधलेली स्वतःची पद्धतच पुढे ठेवली.

दुसरी रेहाना शिकलगार. चार महिन्यांपूर्वी आलेली, त्याआधी फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसाचे बोर्ड करायची. तिने लिहिलं: 'मथळ्याचा रंग बदलायला मला ओजसला विचारायला लागू नये.'

तोच कागद अण्णांनी भिंतीला चिकटवला.

"हे ध्येय आहे? ही तर माझ्याविरुद्धची तक्रार आहे," ओजस म्हणाला. "तिला कोडमधलं ओ की ठो कळत नाही."

"नाही कळत."

"मग चार महिन्यांत तिची खुर्ची तुमच्या शेजारी कशी आली? मी तीन वर्षं दाराजवळ बसतोय."

रेहानाने स्क्रीनवरून मान वळवली नाही. "घे की खुर्ची. पंख्याचा वारा तेवढा माझ्याकडं राहू दे."

अण्णा हसले. तेही ओजसला लागलं.

"रेहाना," अण्णा म्हणाले, "ओजसचा साचा उघड. शाळेचं पान. पालकसभेची सूचना वर घे आणि मथळा हिरवा कर."

तिने उघडला. साचा वेगळ्या फाइलीत होता, खरं आहे. पण सगळे निर्णय त्या फाइलीतच होते. सूचना जुनी असेल तर लपव. दहावीची असेल तर ठळक कर. रविवार असेल तर आणखी काहीतरी. कोडला पुढच्या दारातून काढून ओजसने मागच्या दारातून आत घेतलं होतं.

रेहानाने सूचना वर घेतली. रंग हिरवा केला. ओळीच्या शेवटी एक सुटा कंस दिसला, तो पुसला. फ्लेक्सच्या कामात मराठी फॉन्ट बदलला की मजकुरात असले भटके कंस येतातच. ते पुसायची तिच्या बोटांना सवय होती.

पान पांढरं पडलं. शाळा नाही, सूचना नाही, काहीच नाही.

"या अल्ला... ओजस, बघ रे जरा. सगळंच गेलं."

ती बोलून संपायच्या आत ओजस तिच्या खुर्चीपाशी होता. "सरक. कोडचा महिरपी कंस होता तो. कोण पुसतं का असा?"

एक कळ दाबली. पान परत आलं.

"झालं," म्हणत तो वळला.

अण्णा स्क्रीनकडे बघतच नव्हते. त्याच्याकडे बघत होते.

"पान पांढरं पडलं तेव्हा तू हसलास."

"नाही."

"हसलास, लेका."

ओजसने रेहानाकडे पाहिलं.

"हसलास की," ती म्हणाली. "दात दिसले."

ओजसचे कान तापले.

"आणि तुम्ही?" तो म्हणाला. "उदगावच्या मंगल कार्यालयाची साइट. अठरा वर्षांपूर्वीची. सगळा कोड पानात कालवून ठेवलाय तुम्ही. साधा फोटो बदलायचा तरी माणसं तुम्हाला फोन करतात. स्वतःच्या पोरीच्या लग्नात हातात अक्षता घेऊन फोनवर बोलत होता, अण्णा. काय खुलला होता चेहरा! मी शेजारीच उभा होतो. मला वाटलं, असा फोन आपल्याला कधी येणार?"

अण्णा भिंतीवरच्या कागदाकडे बघू लागले.

"तीन वर्षांत ती फाइल मला एकदाही उघडून दाखवली नाहीत. हिचं कौतुक सोपं आहे. ही तुमच्या जागेवर येणार नाही. मी येईन. म्हणून मी दाराजवळ."

रेहानाने टाइप करायचं थांबवलं. खाली रस्त्यावर जीपवाला कुरुंदवाड, कुरुंदवाड ओरडत होता...

अण्णांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवर दोन बोटांनी पासवर्ड टाकला. टाकताना एकेक अक्षर मोठ्याने म्हटलं. उदगावची फाइल उघडली. मग खुर्चीवरून उठले.

"बस."

ओजस बसला. या खुर्चीत बसल्यावर जसं वाटेल असं त्याला वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही.

"तुझी पद्धत चांगली आहे," अण्णा म्हणाले. तीन वर्षांत पहिल्यांदा. "पण पानातून तुझे निर्णय बाहेर काढ. पानात नुसत्या मोकळ्या जागा ठेव. इथं नाव, इथं तारीख. त्यात काय भरायचं ते कोड बाहेरून ठरवेल. मग माझं हे सगळं त्याच्यावर चढवा. दोघांनी मिळून."

"चाळीसच्या चाळीस?"

"उदगावपासून सुरू करा."

ओजस फाइल खाली खाली सरकवत गेला. रंगात कोड, कोडमध्ये मजकूर, कुठे आचाऱ्याचा फोन नंबर. एका ठिकाणी तो थांबला.

"अण्णा, हे पंगतींचं काय केलंय? काही कळत नाही."

अण्णा एक पाऊल पुढे आले. हात खुर्चीच्या पाठीवर आलाही... मग काढून घेतला, आणि दाराकडे गेले.

"अडलो तर तुम्हाला विचारायचं ना?" ओजसने मागून विचारलं.

"विचारलं की मला फार बरं वाटतं," अण्णा पायात चप्पल सरकवत म्हणाले. "म्हणूनच विचारू नका."