काळविटाची सावली

जनावरांची सभा दाट जंगलात भरायची, त्या काळातली ही गोष्ट. उघड्या माळाने आपला प्रतिनिधी म्हणून एका काळविटाला तिथे पाठवलं होतं. चार महिन्यांनी तो माळावर परतला, तेव्हा ससे, तितर, घोरपडी सगळे भेटायला धावले. एक टिटवी तेवढी खड्यांत बसून राहिली.

काळविटाला ते लागलं. तो तिच्यापाशी गेला. "काय टिटवीबाई, आमच्यावर रागावलात?"

"नाही हो दादा. उठले तर अंडी उन्हाने भाजतील. तुम्ही जरा इथे उभे राहाल? अंड्यांना गारवा द्यायला मी पोटाची पिसं भिजवून येते."

काळवीट चार ठिपकेदार अंड्यांवर सावली धरून उभा राहिला. टिटवी ओल्या पिसांनी परतली, तेव्हा तो खुशीत म्हणाला, "आता काळजी सोडा. माळावर झाडंच झाडं लावा, हीच माझी सभेत पहिली मागणी आहे."

टिटवी बसता बसता थांबली. "झाडं आली की कावळे येतील, दादा. फांदीवरून त्यांना माझी अंडी दिसतील. इथे त्यांना बसायला जागा नाही, म्हणून तर आमची पिल्लं वाचतात."

काळविटाने सभोवारच्या मोकळ्या माळावर नजर फिरवली. तो याच माळावर, गवतात दडून वाढला होता. जंगलात राहून हे कसं विसरला?

पुढच्या सभेत अध्यक्ष हत्तीने विचारलं, "माळाला किती झाडं हवीत?"

"एकही नको," काळवीट म्हणाला.

सगळी सभा हसली. तो मात्र चारही पाय रोवून तसाच उभा राहिला, खाली अंडी असावीत तसा.