नाखवीण, सूनबाई आणि पाण्यातली बाहुली

फार पूर्वी, समुद्र गावाच्या उंबऱ्याशी येऊन बसायचा तेव्हा, एका बंदरात एक नाखवीण राहायची. तिच्या पडवीत काचेचं मोठं टाकं होतं, टाक्यात खारं पाणी आणि पाण्यात एक जिवंत पोवळं. नाखव्यानं दूरच्या बेटावरून आणलं तेव्हा ते करंगळीच्या नखाएवढं होतं. आता चांगलं तळहाताएवढं झालं होतं. नाखवा देवाघरी गेला, पोवळं मात्र वाढत राहिलं, म्हणून नाखविणीचा त्याच्यावर फार जीव.

दिवसा पाहिलं तर नुसता जांभळा दगड. पण दिवेलागण झाली की त्या दगडातून इवले इवले हात बाहेर यायचे आणि पाण्यात डुलायचे. ते बघायला गावातली पोरं पडवीत दाटीवाटीनं बसायची.

नाखविणीची सून गुणाची, पण हाताला धीर नाही. दुसरीचं आधण ठेवून होईतो हिचा भात शिजून उतरलेला!

एकदा नाखवीण लेकीच्या बाळंतपणाला निघाली. होडीत पाय ठेवायच्या आधी म्हणाली, "सूनबाई, टाक्यातलं पाणी आटतं तेवढंच भरायचं. रांजणात पावसाचं, पागोळ्यांचं पाणी साठवलंय, त्यात चुन्याची निवळी घालायची आणि ते या गळतीतून सोडायचं, महादेवाच्या पिंडीवर सोडतात तसं, थेंब थेंब."

"चुना कशाला हो?"

"अगं, दगडाचं घर बांधतंय ते. घर बांधायला चुना नको? आणि ही लाकडाची बाहुली टाक्यात तरंगते ना, तिच्यावर लक्ष ठेव. गळ्याइतकी बुडालेली हवी. आणि पोरी, हात आवर."

नाखवीण गेली. सुनेनं गळती टांगली. एक थेंब पडला, मग बऱ्याच वेळानं दुसरा. सुनेच्या जिवाची नुसती तगमग!

"समुद्राचं लेकरू हे, आणि पितंय पागोळ्यांचं पाणी? तेही थेंब थेंब!" ती शेजारणीला म्हणाली.

शेजारीण कुंपणावर हात टेकून म्हणाली, "तुझ्या सासूची तऱ्हाच न्यारी. समुद्र चार पावलांवर, आण की घागर भरून!"

सुनेला तेच हवं होतं. रोज सकाळी ती समुद्राची घागर आणायची आणि आटलेलं टाकं भरून टाकायची. थोड्या दिवसांत बाहुली पाण्याबाहेर यायला लागली. आधी खांदे दिसले, मग छाती, मग कंबर. सून टाळ्या पिटत शेजारणीला म्हणाली, "बघा काकू, बाहुलीसुद्धा खूश! माझं काम बघायला उभी राहिली."

पण एका संध्याकाळी पोरं येऊन बसली, समई लागली आणि पोवळ्यातून एकही हात बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याची कड तांदळाच्या पिठासारखी पांढरी पडली. सून टाक्याकडे धावली. सासऱ्यांची एवढी एकच आठवण, आणि ती आपल्या हातानं चाललेली!

ती टाक्यापुढं बसून राहिली. टाक्याच्या काठावर पाणी सुकून पांढरी रेघ उमटली होती. तिनं बोटानं पुसून जिभेला लावली. मीठ!

"अगं बाई!" तिनं कपाळावर हात मारला. "मिठागरवाल्याची लेक मी, आणि मला कळू नये?"

माहेरी तिनं जन्मभर हेच तर पाहिलं होतं. वाफ्यात समुद्राचं पाणी सोडायचं, ऊन पाणी नेतं, मीठ मागं ठेवतं. टाक्यातलंही पाणीच उडत होतं, मीठ तिथंच राहत होतं, आणि वरून ती रोज आणखी मीठ ओतत होती. पडवीत तिनं मिठागरच घातलं होतं की! जड खाऱ्या पाण्यानंच बाहुलीला वर उचललं होतं. खूश कसली!

तिनं घागर उपडी केली आणि गळती पुन्हा टांगली. रोज वाटीभर खारं पाणी काढायचं आणि तेवढंच निवळीचं गोडं पाणी थेंबाथेंबानं जाऊ द्यायचं. बाहुली दिवसाकाठी केसभर खाली जायची. सून शेजारी बसून जाळं विणायची, म्हणजे हात तरी गुंतलेले राहतील.

बाहुली छातीपर्यंत बुडाली आणि बंदरात नाखविणीच्या होडीचं शीड दिसलं.

शेजारीण धावत आली. "अगं, बघतेस काय? रांजण उचल आणि ओत टाक्यात! बाहुली झटक्यात गळ्यापर्यंत जाईल. म्हातारीला कळायचंसुद्धा नाही."

सुनेनं रांजण उचललाही. तोंड टाक्यावर वाकवलं. मग तिला ती पांढरी कड दिसली. तिनं रांजण खाली ठेवला.

"नको काकू. बाहुली लाकडाची आहे, तिला काय, पाहिजे तशी बुडेल. हे जिवंत आहे. एवढा धक्का त्याला सोसायचा नाही. मी बोलणी खाईन."

नाखवीण आली. नातवाचं कौतुक ओठावर होतं, ते तिथंच थांबलं. तिनं पोवळं पाहिलं, बाहुली पाहिली.

"एवढी कड पांढरी पडली, म्हणजे बाहुली कंबरेपर्यंत वर आली होती ना?"

सुनेनं मान खाली घातली. "होय. समुद्राचं पाणी घालत होते मी. चुकले, सासूबाई."

"आणि मग छातीपर्यंत उतरवलीस. किती सावकाश?"

"रोज केसभर."

शेजारीण मध्येच म्हणाली, "मी म्हटलं हिला, एकदम ओत म्हणून!"

"ओतलं असतं," नाखवीण म्हणाली, "तर आज माझी बाहुली गळ्याइतकी असती आणि पोवळ्याचा नुसता दगड उरला असता. सूनबाई, चूक केलीस ती केलीस, पण निस्तरलीस पोवळ्यासारखी, कणाकणानं!"

दिवेलागण झाली. पोरं दाटीवाटीनं बसली. समई लागली. बराच वेळ काही नाही. मग पांढऱ्या कडेच्या अलीकडून एक हात बाहेर आला. एकच, तिळाएवढा. पोरांनी असा गलका केला की पाळलेल्या कोंबड्यासुद्धा खुराड्यात जाग्या झाल्या.

"आता जेवायला वाढ," नाखवीण म्हणाली, "आणि ते मात्र थेंब थेंब वाढू नकोस!"

तात्पर्य: घाईनं केलेली चूक घाईनं मिटवायला जाल तर दुप्पट होते, जिवंत गोष्टीला हळूहळूच बरं होऊ द्यावं लागतं.