गेणबाच्या खळ्याचं वळण

त्या दिवशी, असं सांगतात, चैत्राचं ऊन एवढं होतं की रस्त्यासाठी टाकलेल्या चुन्याच्या फक्कीकडं बघवत नव्हतं. वसाहतीचा चौथा रस्ता सुतासारखा सरळ येतो नि या गोलापाशी वाकतो, तो तेव्हापासून. मधला लाकडी खांब म्हणजे तिवडा. मळणीचे बैल त्याच्याभोवती फिरत. पाटीवर ‘वाहतूक बेट’ लिहिलंय. लिहू दे. हे गेणबा कुदळ्याचं खळं आहे.

महायुद्धात सरकारनं छावणीसाठी त्याची जमीन घेतली. लढाई संपली की परत देऊ, असं नुसतं तोंडानं सांगितलं. लढाई संपली, छावणी उठली, आणि नकाशा आला: दोनशे घरं, बारा रस्ते, बाग, शाळा. सगळ्यांची सोय झाली. ज्याची जमीन, तोच तेवढा नकाशात नव्हता.

आखणीचा साहेब खळ्यात शिरला. गेणबाला आवाज चढवणं कधी जमलं नव्हतं. तो म्हणाला, “साहेब, बूट काढा. खळ्यात पायताण चालत नाही.”

“इथं आता रस्ता आहे, बाबा.”

“लढाई संपली का?”

“कधीच संपली.”

“मग मी मळणीला लागतो.”

ना बैल, ना कणीस. गेणबा एकटाच अनवाणी तिवड्याभोवती फिरू लागला. चालू मळणी मोडायची नाही, ही रीत. मजूर गावातलेच, ते रस्ता दाबायचा रूळ पुढं नेईनात. साहेब सावलीत बसून म्हणाला, “म्हातारा थांबला की घाला रूळ.” माणूस दमायची वाट बघायची, हा त्यांचा न्याय.

तीन दिवस गेणबा चालला, म्हणे. मजुरांची सुट्टी झाली की तोही टेकायचा.

समोरच्या तयार घरात सबनीस मास्तर नुकतेच राहायला आले होते. घर गेणबाच्याच वावरात, ज्वारीच्या जागी. गेणबा फेऱ्यातून हसून विचारी, “मास्तर, ज्वारी काय म्हणते?” मास्तरांची मान खाली जाई.

तिसऱ्या दुपारी गेणबाचा गुडघा दुमडला. रूळ धडधडला. तेवढ्यात मास्तर दार उघडून आले, चपला काढल्या, गेणबाला तिवड्याशी टेकवलं आणि फिरू लागले. पाठोपाठ शेजारची बिऱ्हाडं आली. शेवटी चुन्याची रेघच वाकली.

आजही नवं बिऱ्हाड दूध उतू घालवण्याआधी इथं अनवाणी एक फेरा घालतं, आणि मास्तर तेव्हा गेणबाला जे म्हणाले तेच म्हणतं: “गेणबा, तुम्ही बसा. वावरात मी राहतोय, फेराही माझाच.”